उजव्या हाताचं पिस्तूल

आमच्या काकांच्या पिंडाला कावळा शिवेना, म्हणून मला पिस्तूल घ्यावं लागलं.

हे वाक्य मी लायसन्ससाठी चांद्याला डिप्टी कमिश्नर साहेबांपुढे जसंच्या तसं म्हणालो, तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी तसाच उभा होतो. डोक्याचा गोटा, त्यावर टोपी, ब्रह्मपुरीच्या शाळेतला ड्रॉइंग मास्तर. शेवटी त्यांनी कारणाच्या जागी ‘खेळ’ असा शब्द घातला आणि मला जायला सांगितलं. (खेळ म्हणे! आमच्या घरातलं माणूस वाळून काटकी होत होतं आणि सरकारदरबारी त्याला खेळ म्हणत होते.)

काका जंगलखात्यात रेंजर होते. गडचिरोलीपासून सिरोंच्यापर्यंतचं सगळं जंगल त्यांनी पायाखाली घातलं आणि पेन्शन झाल्यावर ब्रह्मपुरीला घर बांधलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे आईबाप पटकीच्या साथीत गेले, तेव्हापासून मी त्यांच्याच घरी वाढलो. नोकरीत काकांनी शिकारी साहेबांचे इतके तंबू ठोकले, मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या राहिलेल्या साहेबांना इतका चहा पाजला, की पुढे पुढे त्यांना रक्त पाहवेना. पण एकदा एका कॅम्पात त्यांनी एक निराळाच साहेब पाहिला. त्यानं झाडाला कागद टाचला होता आणि संध्याकाळभर तो पिस्तुलानं कागदावर नेम मारत बसला होता. कोणाचा जीव घेतला नाही, कोणाला शिवी दिली नाही. काकांच्या डोक्यात ते जे बसलं ते कायमचं.

“शौक असावा तर असा,” ते सांगत. “कागदाले माराचं. कागद वराडत नाई अन् त्याले पिल्लं नसतात.”

पिस्तूल घ्यायचं, रविवारी निवांत चांदमारी करायची, हे त्यांचं दर दसऱ्याला ठरायचं. दर दिवाळीला ते पुढच्या दसऱ्यावर जायचं. आणि मग एका भाद्रपदात जंगलातला जुना ताप उलटला आणि काकाच गेले.

दहाव्याला आम्ही वैनगंगेवर गेलो. आश्विनातलं ऊन, तापलेली वाळू आणि सकाळपासून पोटात काही नाही. पिंड मांडून झाला. नदीकाठच्या झाडावर कावळ्यांची ही गर्दी, पण खाली एकही येईना. झाडावरचे कावळे गप्प बसले होते आणि माझ्या पोटातले ओरडत होते.

“मनात काही अडकलेलं आहे,” भटजी म्हणाले. “बोला. बोलल्याशिवाय यायचा नाही तो.”

मी हात जोडले. “काका, काकीले कधी अंतर देणार नाई.”

एका कावळ्यानं पंख खाजवला.

“काका, धानाच्या बांध्या विकणार नाई.”

कावळ्यानं तोंड दुसरीकडे केलं. आमचे शेजारी पुढे सरसावले आणि म्हणाले, “रेंजरभाऊ, तुमचा कुत्रा मी सांभाळतो, काळजी करू नोका.” कुत्र्याचं नाव ऐकून दोन कावळे उडूनच गेले. भटजींनी शेजाऱ्यांना मागे बसायला सांगितलं.

तेवढ्यात काकी बोलली. ती वाळूत एका बाजूला बसली होती.

“त्यायच्या मनात ते पिस्तूल होतं.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. काय सांगू, मी दुःखात होतो हे खरंच, पण मी भुकेलाही होतो, आणि भूक लागली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी त्या झाडाकडे पाहून ओरडलोच.

“हाव ना काका! मी घेतो पिस्तूल. मी करतो चांदमारी. काळ्या टिक्क्यात गोळी मारून दाखवतो. आतातरी जेवा!”

आणि कावळा आला. सरळ खाली आला, भाताचा लचका घेतला आणि गेला. माणसांनी सुटकेचा श्वास टाकला, भटजी ‘शिवला, शिवला’ म्हणाले, काकीनं डोळे मिटले. मला आजही वाटतं की त्या कावळ्याचीही सहनशक्ती संपली असावी. पण ते तेव्हा म्हणायची सोय नव्हती.

खरा घोटाळा तेरावं झाल्यावर सुरू झाला. जेवायला बसलो तर काकीनं ताटातला भात हातानं बाजूला सारला आणि ज्वारीची भाकर मोडली.

“काऊन?” मी विचारलं.

“तू शब्द देऊन बसला. तुही गोळी टिक्क्यात लागत नाई तवरिक त्यायचा जीव अडकून राह्यल. ते तिकडे अडकून राह्यले अन् मी इकडे भात खाऊ?”

आता हे आमच्या झाडीपट्टीच्या बाहेरच्या माणसाला नुसतं सांगून कळायचं नाही. आम्ही सकाळी पेज पितो, दुपारी भात खातो, रात्री भात खातो आणि आजारी पडलो की मऊ भात खातो. पोळी आमच्याकडे पाहुण्यांना. काकीचा सगळा जन्म भातावर गेलेला. साठीच्या घरातल्या बाईनं भात सोडला आणि वर इतक्या शांतपणे सांगितलं, की मला त्या ताटासमोर भीतीच वाटली.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “एक गोळीच तर लावायची आहे.”

असं मी म्हणालो. मी. ज्यानं जन्मात गलोलीनं कैरी पाडली नव्हती.

त्यात मी डावरा. जन्मापासून. लहानपणी जेवताना काकी माझा डावा हात पंच्यानं कमरेला बांधायची, शाळेत मास्तर त्याच हातावर छडी मारायचे. दोघांनी मिळून मला जेवायला, देवाला नमस्कार करायला आणि कोणाला काही द्यायला-घ्यायला उजवा हात शिकवला. खडू आणि ब्रश तेवढे डाव्या हातात राहिले, आणि माझं पोट त्यावरच चालायचं. लायसन्स हातात आल्यावर नागपूरच्या गाडीत काकीनं मला बजावून सांगितलं, “मेल्या माणसाचं काम आहे मधू. उजव्या हातानं करजो. डाव्या हातानं देल्लेलं त्यायले पोचणार नाई.”

(हो, पिस्तूल घ्यायला काकी माझ्यासोबत आली होती. फडक्यात भाकर बांधून. छोट्या गाडीच्या त्या डब्यात लोक विचारत होते, कुठी जाऊन राह्यल्या बाई? आणि काकी सांगत होती, पिस्तूल आणाले.)

बंदुकीच्या दुकानाचे मालक मोठे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला फक्त एकच प्रश्न विचारला. “कोणत्या हातानं चालवणार?”

मी काकीकडे चोरून पाहिलं आणि काउंटरच्या खालून डावा हात थोडासा वर केला.

“मग आधी एक गोष्ट समजून घ्या,” ते म्हणाले आणि त्यांनी एक चपटं पिस्तूल काढलं. “याचं रिकामं काडतूस उजवीकडे उडते. उजव्या हातानं मारणाऱ्याले काही त्रास नाही. तुम्ही डावा हात पुढे करून उभे राहाल तर ते सरळ तुमच्या अंगावर येईल. आणि हा बंदचा खटका पाहा. उजव्या अंगठ्याखाली येते. तुमचा अंगठा दुसऱ्या बाजूला. त्यापेक्षा तुम्ही हे पाहा.”

त्यांनी एक रिव्हॉल्व्हर पुढे केलं. मधून मोडणारं, गोळ्या फिरकीत बसणारं, साधं काळं.

“काडतूस उडत नाही. मूठ दोन्ही हातांना सारखी. याला डावं-उजवं काही नाही.”

खरं सांगतो, जन्मात इतकं प्रेमळ वाक्य माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी ते डाव्या हातात घेतलं. खडू बसावा तसं बसलं. मला वाटलं, आटपलं आपलं काम, पुढच्या रविवारी काकी भात खाते.

पण काकीनं ते माझ्या हातातून घेतलं आणि मुठीवर नखानं टकटक केलं.

“हे कायचं आहे?”

“एबोनाइट, बाई.”

“म्हणजे झाड नाई.”

“झाड नाही.”

काकीनं ते परत ठेवलं. सगळा जन्म रेंजरच्या क्वार्टरात काढलेली बाई ती. लाकडाच्या चौकटीपासून लाटण्यापर्यंत तिच्या परीक्षेतून काही सुटत नसे, आणि पिस्तुलात तिला कळण्यासारखी एकच गोष्ट होती. तिची नजर कपाटात फिरली आणि एका पिस्तुलावर थांबली. लांब नळीचं, बावीस नंबरचं, खास नेमबाजीचं. विलायतेला परत जाताना कोण्या साहेबानं विकलेलं. त्याची मूठ तपकिरी लाकडाची, अशी कोरलेली की बोटांना खाचा आणि अंगठ्याला टेकायला वेगळी बैठक.

“हे अक्रोडाचं,” मालक म्हणाले. “पण बाई, हे बरोबर उजव्या पंजाच्या मापानं कोरलेलं आहे. आणि काडतूसही...”

काकी ऐकत नव्हती. तिनं मूठ नाकाशी नेली, वास घेतला, उजेडात धरून फिरवली.

“रेघ सरळ आहे. गाठ नाई. वाळवलंही चांगलं आहे. त्यायनं हेच घेतलं असतं.”

“काकी, ते उजव्या हाताचं आहे.”

“मग? तू कोण्या हाताचा आहे?”

“मास्तर डावरे आहेत असं वाटते,” मालक हळूच म्हणाले.

“होता,” काकी म्हणाली. “आमी सुधारला.”

अशा रीतीनं लाकूड पाहून आम्ही पिस्तूल घेतलं. मालकांनी दारापर्यंत येऊन मला निरोप दिला आणि माझा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवला.

गावाबाहेर मातीच्या उंच बांधाजवळ चांदमारीची जागा होती. पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार दर रविवारी तिथे हौशी लोकांना नेम शिकवत. शांत माणूस. त्यांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं, श्वास अर्धा सोडून कसा धरायचा ते शिकवलं, खटका हिसका न देता कसा दाबायचा ते शिकवलं. हे सगळं मी उजव्या हातानं केलं आणि माझ्या गोळ्या कागद सोडून बाकी सगळीकडे गेल्या. बांधात राहणाऱ्या घुशींनी बिऱ्हाड हलवलं असावं. एकदा बाजूला लावलेल्या लाल झेंड्याची काठी मधोमध मोडली.

हवालदार काठीजवळ जाऊन पाहून आले. “मास्तर, हे मी ठरवून मारलं असतं तरी लागलं नसतं.”

काकी दर रविवारी यायची आणि मोहाच्या झाडाखाली छत्री लावून बसायची. मी परत आलो की विचारायची, “लागली?”

“नाई.”

“बरं.”

आणि फडकं सोडून भाकर खायची. ती एकदा जरी चिडली असती, मला मूर्ख म्हणाली असती, तर बरं वाटलं असतं.

मार्गशीर्षात नवं धान घरात आलं. चिन्नोरचा तांदूळ शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं, असा त्याचा वास. काकीनं स्वतः तो पाखडला, शिजवला, मला वाढला आणि मग आपलं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पाठमोरी ती भाकर चावत होती. मी म्हणालो, काकी, प्रसाद म्हणून एक शीत तोंडात टाक. ती म्हणाली, “तू जेव.” मी जेवलो नाही. ताट उचलून गाईला घातलं आणि गाईशीही भांडलो.

होळीपर्यंत काकीचे गाल आत गेले. बसलेली उठताना ती खांब धरू लागली. डॉक्टर पाहून गेले आणि मला अंगणात नेऊन म्हणाले, “मास्तर, त्यांना ती भाकर पचत नाही. अंगात काही उरलेलं नाही. भात सुरू करा, नाहीतर पावसाळा निघणं कठीण आहे.”

मी शाळेत जायचो तर स्टाफरूममध्ये सगळे विचारायचे, लागली का? सातवीची पोरं फळ्यावर गोल काढून मधे काळा टिक्का द्यायची. पोस्टमन सायकलवरून न उतरताच भुवया उडवायचा. एका म्हाताऱ्या बाईच्या जेवणाची किल्ली माझ्या उजव्या हातात होती आणि त्या हाताला अजून कागदही सापडला नव्हता.

एका रविवारी काकीला खाटेवरून उठवेना म्हणून ती आली नाही. मी हवालदारांना विचारलं, “डाव्यानं मारून पाहू का?”

“सहा महिने मी हेच म्हणतो आहे, पण तुम्ही आईला भ्यायलेल्या पोरासारखे इकडेतिकडे पाहता.”

मी पिस्तूल डाव्या हातात घेतलं. अंगठ्याची ती कोरलेली बैठक माझ्या तळव्यात खुंटीसारखी रुतली. तरी मारली. कागदाचा कोपरा फाटला! पहिल्यांदा माझी गोळी कागदापर्यंत पोचली होती. पण आनंद व्हायच्या आत नागपूरच्या मालकांचं बोलणं खरं ठरलं. रिकामं काडतूस उडालं आणि सदऱ्याच्या गळ्यातून आत गेलं. तापलेलं. मी नाचायला लागलो. हवालदारांनी मागून माझं मनगट पकडून नळी जमिनीकडे दाबली.

“नाचा, मास्तर,” ते म्हणाले. “पण आधी पिस्तूल माझ्याजवळ द्या.”

घरी येऊन मी काकीच्या खाटेजवळ बसलो. सांगितलं, डाव्या हातानं जमते, डाव्यानं मारू दे. तिनं माझ्याकडे पाहिलं. “मले फसव, चालते. त्यायले फसवू नोको.”

आता मला राग आला. सगळ्यांचा आला. काकांचा आला, कावळ्याचा आला, त्या साहेबाचा आला ज्यानं झाडाला कागद टाचला होता. मी अंगणात जाऊन एकटाच बडबडलो, की माणसं मरतात आणि मागच्यांना कामाला लावून जातात.

वैशाखात काकांचं महिन्याचं श्राद्ध होतं. भटजी सांगत होते आणि मी करत होतो. “अपसव्य करा मास्तर. पंचा उलट्या खांद्यावर. तोंड दक्षिणेला. पाणी समोरून नाही, अंगठ्याच्या बाजूनं सोडा. उलटं फिरा.”

काकी खांबाला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, “भटजी, हे सारं उलटं काऊन?”

“पितरांचं काम आहे ना बाई. देवाचं सुलटं, पितरांचं उलटं. सगळ्या श्राद्धात असंच.”

काकीनं माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. भटजींचं लक्ष स्वयंपाकघराकडे लागलं होतं.

“म्हणजे देवाले उजवं, तं त्यायले डावं चालल?”

भटजींना भूक लागली होती. भुकेल्या माणसाच्या तोंडून काय निघतं ते मी नदीवर अनुभवलंच होतं. “हो, हो, तसं म्हणायला हरकत नाही,” ते म्हणाले.

काकी माझ्याकडे वळली.

“मधू. डाव्या हातानं मार.”

मी हातातलं तांब्याभर पाणी तिथेच ओतलं. “आता? आता म्हणते? जन्मभर हात बांधला, मास्तरच्या छड्या खाऊ घातल्या, उजव्या हाताचं पिस्तूल गळ्यात मारलं, अन् आता डावा पाहिजे?”

“मले का माहीत होतं?” काकी म्हणाली. तिला बोलताना धाप लागत होती. “सांगितलं कोणं?”

भटजी जेवायला बसले आणि मी पिस्तूल घेऊन ओसरीवर बसलो. आता एकच अडचण होती, ती मूठ. दुकानाला आधीच पत्र टाकून विचारलं होतं, तर रिव्हॉल्व्हर विकलं गेलं होतं. डाव्या पंजाची मूठ विलायतेहून मागवायची तर पुढचा दसरा. आणि पावसाळा पुढच्या महिन्यात होता. मी ड्रॉइंग मास्तर, माझ्या हातात कला आहे असं लोक म्हणतात. मी गोळ्या काढून पेटीत ठेवल्या आणि करवतीनं अंगठ्याची बैठक कापायला घेतली. अक्रोडाला गाठ नव्हती, रेघ सरळ होती, म्हणून मूठ सरळ उभी चिरली आणि दोन तुकडे झाले.

काकी आतून म्हणाली, “काय वाजलं?”

“काही नाई. दार वाजलं.”

मग मला ती कल्पना सुचली. राळ आणि मेण. गणपतीच्या मूर्तींचे साचे मी त्याच मिश्रणाचे करायचो. दोन्ही वितळवून एकत्र केलं, लोखंडाच्या उघड्या मुठीवर थापलं, कोमट असताना डाव्या हातानं दाबून धरलं. अशी सुंदर मूठ तयार झाली म्हणता! माझ्या पंजाची एकेक रेघ तिच्यात उमटली होती. विहिरीच्या थंड पाण्यात बुडवली तेव्हा दगडासारखी घट्ट झाली. सदऱ्याच्या गळ्यावर पंचा गुंडाळला, काडतुसाचाही बंदोबस्त झाला.

फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नाही. मूर्तींचे साचे मी श्रावणात करत असे. हा वैशाख होता.

रविवारी काकीला चालवेना, म्हणून बैलबंडीत तणीस घालून त्यावर तिला निजवलं आणि चांदमारीवर नेलं. पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. हवालदारांनी दोन कागद लावले, एक माझा आणि शेजारी एक त्यांचा, डाव्या हाताची पद्धत स्वतः मारून दाखवावी म्हणून. पण मला धीर नव्हता. मी म्हणालो, मीच आधी मारतो.

पिस्तूल हातात धरलं. उन्हात मूठ ऊबदार लागली, मग मऊ लागली, मग बोटांच्या मधून थोडी थोडी वर यायला लागली. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला. समोर काळे टिक्के दोन होते, घामामुळे चार दिसत होते. मागे बंडीत काकी खोकली. मी अर्धा श्वास सोडला. काकांना मनातल्या मनात शिवी दिली, तेवढी एकच, आणि खटका दाबला.

हवालदार कागदांकडे चालत गेले. दोन्ही कागद नीट तपासले. मग एक कागद काढून सरळ बंडीपाशी घेऊन आले आणि काकीच्या हातात दिला. मधल्या काळ्या टिक्क्यात भोक होतं.

काकीनं त्या भोकात करंगळी घालून पाहिली. “त्याचंच आहे?”

हवालदार खोटं बोलणारा माणूस नव्हता. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि मनातल्या मनात त्यांचे पाय धरत होतो.

“गोळी मास्तरांचीच आहे, बाई,” ते म्हणाले. “कागद माझा आहे.”

बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजली. मी खाली पाहत उभा होतो. काकीनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“टिक्का काळा आहे ना?”

“आहे.”

“मधातच आहे ना?”

“मधात.”

“मंग हाका बंडी,” काकी म्हणाली. “भात मांडाचा आहे.”

मी पिस्तूल पेटीत ठेवायला गेलो आणि ते हातातून निघेना. राळ पंजाला, बोटांना, मनगटावरच्या केसांना धरून बसली होती. हवालदारांनी गोळ्या काढून घेतल्या, नळी तपासली, मग पिस्तूल ओढून पाहिलं. पिस्तुलासोबत मी पुढे आलो. शेवटी ते म्हणाले की घरी जाऊन तेल लावा, आणि माझ्या हातावर ओला पंचा गुंडाळून त्यांनी मला बंडीत बसवलं. वाटेत पोस्टमन भेटला. त्यानं भुवया उडवल्या. मी पंच्यातला हात वर केला, नळी बाहेर डोकावली आणि तो सायकलसकट बाभळीत गेला.

घरी काकीनं कोणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. खांब धरत धरत स्वतः तांदूळ धुतला, स्वतः वैरला. मला वाढलं, आपल्याला वाढलं आणि पहिल्यांदाच भिंतीकडे न वळता माझ्यासमोर बसली. मी मांडीत डावा हात घेऊन उजव्या हातानं वरण कालवत होतो. तिनं एक घास घेतला, चावला, गिळला. मग तिचा हात ताटातच थांबला.

“गेले,” ती म्हणाली. “आता गेले ते.”

आणि ती रडायला लागली. काका गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, नदीवरही नाही, तेराव्यालाही नाही. भात पुढ्यात ठेवून ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली आणि मधे मधे जेवली. तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, आपल्या ताटात वाढला, आणि आम्ही दोघांनी मिळून भांडं रिकामं केलं.

हात धुऊन तिनं पदरानं डोळे पुसले. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा कडक झाला.

“उद्याच जा नागपूरले अन् ते पिस्तूल वापस देऊन ये. घरात हत्यार नोको मले.”

“देतो ना काकी,” मी म्हणालो. “हातातून सुटलं की लगेच देतो.”